विमा भरला, विमा आला?

एका खरिपाच्या अखेरीची गोष्ट. माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील बाजारासाठी अंबाजोगाईला आले होते, ते घरी डोकावले. त्यांचे सोयाबीन हातचे गेले होते. चहा घेता घेता म्हणाले, "सर, विमा भरला व्हता, पण विमा काही आला न्हाई. तुम्ही भाषेचे मास्तर. त्या इन्शुरन्स शब्दाचा अर्थ तरी सांगा!"

प्रश्न थट्टेचा होता, पण मी शब्दकोश काढलाच. 'इन्शुरन्स'च्या पोटात 'शुअर' आहे आणि त्याचे मूळ लॅटिनमध्ये. 'से' म्हणजे विना, 'कुरा' म्हणजे काळजी. ज्याला काळजी नाही तो 'सेकुरुस'. 'सिक्युरिटी'ही त्याच घराण्यातली. म्हणजे साहेबाच्या शब्दात मुळात पैसा नाही, निश्चिंती आहे.

आणि आपला विमा? व्युत्पत्तिकार त्याचे नाते बहुधा फारसी 'बीम' या शब्दाशी जोडतात. बीम म्हणजे भय! वस्तू एकच, साहेबाने तिला नाव दिले ते काळजी सरल्यावरचे, आपण उचलले ते काळजी सुरू होतानाचे.

वस्तू मात्र आपल्याला नवी नव्हती. पूर्वी व्यापारी जोखमी हुंडी लिहीत. माल सुखरूप पोहोचला तरच तिचे पैसे द्यायचे. वाटेत बुडाला तर हुंडी घेणाऱ्याचे पैसेही बुडाले. 1956 साली आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले, त्याने बोधवाक्यासाठी गीतेतला 'योगक्षेम' निवडला. योग म्हणजे नसलेले मिळणे, क्षेम म्हणजे असलेले टिकणे. शेतकऱ्याला हवे असते ते हे क्षेम.

या बाबतीत आपल्या बीड जिल्ह्याने देशाला एक शब्दही दिला. 2020 च्या खरिपात इथला पीकविमा घ्यायला कंपन्या पुढे येईनात. अखेर सरकारी कृषी विमा कंपनीने तो घेतला, पण अटीवर. भरपाई जमलेल्या हप्त्याच्या 110 टक्क्यांवर गेली, तर वरचा भार राज्य सरकारचा. आणि ती 80 टक्क्यांहून कमी झाली, तर कंपनीने 20 टक्के ठेवून उरलेले सरकारला परत करायचे. हाच 'बीड पॅटर्न'. पुढे 2023 मध्ये राज्यात एका रुपयात पीकविमा आला आणि 2025 मध्ये ती सवलत बंद झाली.

एवढे ऐकून पाहुण्यांनी विचारले, "कंपनीची काळजी सरकारनं घेतली. माझी?"

मी सांगितले, की उत्पन्न मोजतात ते पीक कापणी प्रयोगांवरून, साऱ्या महसूल मंडळाची सरासरी काढून. मंडळाची सरासरी टिकली, तर एकट्याचे रान बुडाले तरी हिशेबात दिसत नाही. अशा एकट्याच्या नुकसानीसाठी 72 तासांत कळवण्याची वेगळी सोय होती, पण तीही ठरावीक आपत्तींपुरतीच.

ते थोडा वेळ गप्प बसले. "म्हंजी इन्शुरन्स मंडळाचा," ते म्हणाले, "आन् विमा माझा."

व्युत्पत्ती त्यांना माझ्यापेक्षा नीट समजली होती. निघताना मी विचारले, "पुढच्या साली भरणार का?"

"भरावाच लागंल, सर. भ्या हाय तवर विमा हाय."