वेळासला जाताय? मग हे वाचा

मंडणगड तालुक्यातलं वेळास म्हणजे नाना फडणवीसांचं मूळ गाव. पण आता लोक तिथे जातात कासवांसाठी!

पूर्वी ऑलिव्ह रिडले कासवाची अंडी इथे सर्रास चोरीला जायची. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र'ने 2002 पासून गावकऱ्यांना हाताशी धरून संवर्धन सुरू केलं आणि 2006 पासून कासव महोत्सव भरू लागला. सापडलेली अंडी कुंपणाआतल्या वाळूत, मूळ घरट्याएवढाच खड्डा करून पुरतात. साधारण पन्नास दिवसांत पिल्लं वर येतात. गंमत म्हणजे पिल्लू नर की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरतं. उबदार वाळूत माद्या जास्त.

पिल्लं सकाळ-संध्याकाळ सोडतात. ती उजेडाच्या दिशेने चालतात, म्हणून फ्लॅश आणि टॉर्च बंद म्हणजे बंद. दोरीच्या आत पाऊल नको. (सेल्फीवाल्यांनो, तुम्हालाच सांगतोय.)

राहायचं गावातल्या घरीच. पैसा थेट त्या घरात जातो, आणि माझ्या मते हा सगळा खटाटोप टिकलाय तो यामुळेच. जेवण घरचं असतं, तेव्हा आयत्या वेळी पाचजण जास्त नेऊन यजमानांची पंचाईत करू नका.

जवळच सावित्रीच्या मुखाशी बाणकोटचा किल्ला आहे, इंग्रजांचा 'फोर्ट व्हिक्टोरिया'. तोही बघा.

पिल्लं आपल्या वेळापत्रकाने निघत नाहीत. फेब्रुवारी ते एप्रिलदरम्यान गावात आधी फोन करा, घरटी फुटायचा अंदाज घ्या, मगच निघा. आणि आपला कचरा परत आणा!