मद्याचे वय कमी करावे का?
वय आणि कायदा : लेखांक ५

मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले, त्याची चर्चा मागच्या लेखात केली. त्यातूनच पुढचा सवाल निघतो : ज्याला सरकार निवडता येते, त्याला बिअर का नाकारायची? अमेरिकेने हे करून पाहिले आहे. १९७१च्या २६व्या घटनादुरुस्तीने तिथे मतदानाचे वय १८ झाले आणि त्याच सुमारास अनेक राज्यांनी मद्यखरेदीचे वयही उतरवले. तरुण चालकांचे अपघात वाढू लागले, तशी काही राज्ये मागे फिरली. १९८४ साली केंद्रीय कायद्याने २१ची अट न पाळणाऱ्या राज्यांचा महामार्ग निधी कापण्याची तरतूद केली, आणि १९८८पर्यंत सर्व राज्ये २१ वर आली. वय वाढवल्यानंतर अपघात साधारण १६ टक्क्यांनी घटल्याचे अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात आढळले.

यावर शंका येते, की त्या काळात सीटबेल्ट आले, मोटारी सुधारल्या, मग श्रेय वयोमर्यादेलाच कसे? न्यूझीलंडचा अनुभव इथे उपयोगी पडतो, कारण तो देश उलट दिशेने गेला. डिसेंबर १९९९मध्ये तिथे खरेदीचे वय २० वरून १८ झाले. संशोधकांनी २० ते २४ वर्षांच्या तरुणांशी तुलना केली, तेव्हा १८-१९ वर्षांच्यांमध्ये मद्याशी संबंधित अपघातांचे प्रमाण तुलनेने वाढलेले दिसले. लक्षात घेण्याजोगे हे, की १५ ते १७ वयोगटातही ते वाढले, आणि या मुलांना तर नव्या कायद्यानेही परवानगी नव्हती. कायद्याची रेघ १८ वर आली, की बाटली सोळाव्या वर्षापर्यंत पोचते, कारण ती आणून देणारा मित्र त्यांच्याच कट्ट्यावर बसलेला असतो. आपल्याकडे अकरावी-बारावीचे वर्ग अनेकदा पदवी महाविद्यालयाच्याच आवारात भरतात, हे विसरून चालणार नाही.

मतदानाच्या हक्काचा मुद्दा दिसतो तितका सरळ नाही. आपण अठराव्या वर्षी मत देतो, पण विधानसभेची निवडणूक लढवायला २५ पूर्ण लागतात. कायदा प्रत्येक गोष्टीचे वय तिच्या जोखमीनुसार ठरवतो. जर्मनीत १६व्या वर्षी बिअर मिळते, म्हणून तिथली मुले जबाबदारीने पितात, असेही सांगितले जाते. पण १५-१६ वर्षांच्या मुलांच्या पाहण्यांत युरोपातल्या बहुतेक देशांतले मद्यपान अमेरिकेपेक्षा जास्तच दिसते.

सर्वांत वजनदार आक्षेप अंमलबजावणीचा आहे. महाराष्ट्रात बिअरला २१ आणि कडक मद्याला २५ची अट आहे. तरीही मे २०२४मध्ये पुण्यात कल्याणीनगरला ज्या मोटारीने दोघांचा बळी घेतला, ती चालवणाऱ्या १७ वर्षांच्या मुलाला त्या रात्री मद्य सहज मिळाले होते, असे पोलिसांचे म्हणणे आहे. पाळलाच जात नसेल, तर कायदा हवा कशाला? २५ची अट कुणाला अवास्तव वाटली, तर तिच्यावर वाद जरूर व्हावा. पण ओळखपत्र न पाहता ग्लास भरणारा १७ वर्षांच्या मुलाला आज नाही म्हणत नाही, तो मर्यादा १८ केल्यावरही म्हणणार नाही. वर आणखी काही लाख गिऱ्हाईके मात्र कायदेशीर होतील. म्हणून मर्यादा २१च्या खाली आणू नये, आणि कारवाईचा रोख पिणाऱ्या पोरापेक्षा विकणाऱ्याच्या परवान्यावर असावा.

पुढील लेखात : वाहन चालवण्याचे वय.