घरच्या स्टुडिओचे अर्थशास्त्र

कारखाने, बँका, औषधकंपन्या, एवढेच नव्हे तर मोठ्या शिक्षणसंस्थाही आपल्या जाहिराती, माहितीपत्रके, वेष्टने आणि लघुपट तयार करण्यासाठी अलीकडे स्वतःचा कलाविभाग, म्हणजेच घरचा 'स्टुडिओ', बाळगू लागल्या आहेत. आरंभी उत्साह असतो. चारदोन वर्षांनी मात्र बहुतेक ठिकाणी एकच रडगाणे ऐकू येते. काम मागणारे विभाग म्हणतात, की स्टुडिओकडून काहीही वेळेवर मिळत नाही. चित्रकार म्हणतात, की आमच्याकडून कलेऐवजी हमालीच करून घेतली जाते. मग दोघांची समजूत घालण्यासाठी व्यवस्थापन आणखी दोन माणसे नेमते आणि तक्रार तशीच राहते. या दुखण्याचे मूळ कलेच्या प्रांतात शोधण्यात अर्थ नाही. ते अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यातच सापडण्यासारखे आहे.

एखादी गोष्ट बाजारातून विकत घ्यावी की घरीच करावी, हा प्रश्न रोनाल्ड कोस यांनी १९३७ साली आपल्या प्रसिद्ध निबंधात उपस्थित केला. बाजारात जाण्यालाही खर्च पडतो. योग्य माणूस शोधणे, दर ठरविणे, करार करणे, त्याला आपला धंदा समजावून सांगणे, हे सारे फुकट होत नाही. हा खर्च जेथे जास्त असतो तेथे घरचे काम परवडते. पण कोस यांच्या विवेचनाची दुसरी बाजू सोयीस्करपणे विसरली जाते. घरच्या कामालाही व्यवस्थेचा खर्च असतोच, आणि पसारा वाढेल तसा तो वाढत जातो. जाहिरातसंस्थेची दलाली, जी आपल्याकडे दीर्घकाळ १५ टक्के या दराने रूढ होती, ती बिलावर दिसते. घरच्या स्टुडिओत वाया जाणारे तास कोणत्याच बिलावर दिसत नाहीत.

ते का वाया जातात? विक्री विभागाला बाहेरून एक पत्रक करून घ्यायचे असेल तर त्याला आधी किंमत विचारावी लागते, आणि ती ऐकल्यावर पत्रक खरोखरच हवे आहे का, असा प्रश्न आपोआप पडतो. घरच्या स्टुडिओत हा प्रश्न पडतच नाही. ज्या वस्तूला किंमत नाही तिची मागणी अमर्याद वाढते, आणि किंमत नसली की वाटप रांगेने अथवा वशिल्याने होते. ज्याचा हुद्दा मोठा किंवा आवाज मोठा, त्याचे काम आधी होते. वर्षभराच्या विक्रीचा ज्यावर भरवसा आहे त्या जाहिरातीआधी एखाद्या साहेबांच्या निरोपसमारंभाचे निमंत्रणपत्र तयार होते, ते यामुळेच.

म्हणून पहिली सुधारणा हिशेबाची. प्रत्येक विभागाला वर्षाच्या आरंभी स्टुडिओच्या तासांचा ठरावीक वाटा द्यावा आणि झालेल्या प्रत्येक कामाचे तास त्याच्या नावे लिहावेत. वाटा संपला की पुढील काम विभागाने स्वतःच्या अंदाजपत्रकातून करून घ्यावे. येथे प्रत्यक्ष पैशांची देवघेव होण्याची गरज नाही. आपण काय खर्च करीत आहोत हे मागणाऱ्याला कळले, की निम्मे काम झाले.

दुसरी सुधारणा अनेकांना उधळपट्टीची वाटेल. स्टुडिओ सदैव शंभर टक्के कामात बुडालेला असावा, हा आग्रह सोडला पाहिजे. काम केव्हा येईल आणि ते किती वेळ घेईल, हे दोन्ही अनिश्चित असते तेव्हा रांगेचे साधे गणित काय सांगते ते पाहण्यासारखे आहे. काम करणाऱ्याचा ८० टक्के वेळ व्यापलेला असेल, तर त्याच्यापुढे सरासरी ४ कामे साचलेली असतात. ९० टक्के व्यापला की ९ आणि ९५ टक्क्यांना १९! शेवटच्या १५ टक्क्यांच्या काटकसरीपायी साचलेले काम जवळपास पाचपट होते. अग्निशामक दलाची गाडी उभी दिसते म्हणून तिच्यावर पालिकेचा कचरा वाहून नेण्यास कोणी सांगत नाही. चित्रकाराच्या मोकळ्या तासाला मात्र आपण आळस समजतो.

तिसरी गोष्ट कामाच्या वर्गवारीची. आपल्या परंपरेत कर्मांचे नित्य आणि नैमित्तिक असे दोन प्रकार मानले आहेत. स्टुडिओनेही हा विवेक करावा. दरमहाची सूचनापत्रके, दरपत्रके, सणावारांच्या शुभेच्छा हे नित्यकर्म. त्यांचे साचे एकदाच नीट बांधून ते विभागांच्याच हाती द्यावेत. नवे उत्पादन, नवी ओळख, नवा लघुपट हे नैमित्तिक. तेथे विचार लागतो, आणि उत्तम माणसांचा वेळ तेथेच खर्ची पडावा. अशा प्रत्येक कामापूर्वी एका कागदावर चार प्रश्नांची उत्तरे लिहून घ्यावीत : हे कोणासाठी आहे, ते पाहून त्याने काय करावे, काम केव्हा हवे आणि अखेरची मान्यता कोणाची? शेवटच्या प्रश्नाला एकाहून अधिक नावे आली तर काम हाती घेऊ नये. पाच जणांनी दुरुस्त केलेले चित्र कोणाचेच राहत नाही.

एवढ्याने कारभार सुधारेल. वाढ होईलच असे नाही. वाढीचे एक उत्कृष्ट उदाहरण महाराष्ट्राच्या घरातलेच आहे. नांगर आणि कडबा कापण्याची यंत्रे तयार करणाऱ्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' हे मासिक निघाले. कारखान्याचे ते गृहपत्र, आणि त्याची सूत्रे शंकरराव किर्लोस्कर यांच्याकडे होती, जे स्वतः चित्रकार होते. १९२९ साली नावातील 'खबर' गळून केवळ 'किर्लोस्कर' उरले, १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' ही मासिके निघाली. एका कारखान्याच्या प्रसिद्धीच्या गरजेतून मराठी मध्यमवर्गाच्या विचारांना वळण देणारी नियतकालिके उभी राहिली. याचे मर्म असे, की सूत्रे कला जाणणाऱ्या माणसाकडे होती आणि नजर मालकाऐवजी वाचकाकडे होती.

दुसरे उदाहरण अहमदाबादचे. रिलायन्सच्या 'विमल' कापडाच्या जाहिरातींसाठी १९८० साली 'मुद्रा' ही संस्था स्थापन झाली. तिचे प्रमुख ए. जी. कृष्णमूर्ती यांनी घरच्या कामावर समाधान मानले नाही. 'रसना'सारखे बाहेरचे ग्राहक मिळविले आणि देशातील अग्रगण्य संस्थांत तिला नेऊन बसविले. घरच्या ग्राहकाला दुसरीकडे जाण्याची मुभा नसते, म्हणून त्याच्या समाधानावरून गुणवत्ता कळत नाही. बाहेरचा ग्राहक मात्र नापसंतीची किंमत लगेच वसूल करतो. प्रत्येक स्टुडिओने जाहिरातसंस्था व्हावे असा याचा अर्थ नव्हे. परंतु वर्षातून एखादे काम बाहेरच्यासाठी करावे, आणि एखादे घरचे काम बाहेरून करून घेऊन आपल्याशी ताडून पाहावे, एवढे तर कोणालाही शक्य आहे.

आता संगणक आणि कृत्रिम बुद्धिमत्ता आल्यावर या उठाठेवीची गरजच काय, असे विचारले जाते. जेव्हन्स यांनी १८६५ साली कोळशाविषयी जे दाखविले ते येथे आठवावे. यंत्रे कमी कोळशात अधिक काम करू लागली तेव्हा कोळशाचा एकूण खप घटला नाही, उलट वाढला. चित्र क्षणात निघू लागले की एका जाहिरातीऐवजी तीस नमुने मागितले जातील, आणि त्यांतून एक निवडण्याची जबाबदारी पुन्हा त्याच दोनचार माणसांवर येऊन पडेल. साधन स्वस्त झाले म्हणून पारख स्वस्त होत नाही. उलट तीच आता दुर्मीळ होत आहे.

प्रश्न केवळ कंपन्यांच्या नफ्याचा नाही. मुंबईच्या उपयोजित कलासंस्थेतून आणि राज्यभरच्या कलामहाविद्यालयांतून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या तरुणांपैकी अनेकांना आता अशा स्टुडिओंतच पोट भरावयाचे आहे. त्यांनी तिशीपर्यंत केवळ इतरांच्या दुरुस्त्या चिकटविल्या, तर पुढे मोठे काम कोणाच्या हातून होणार? कारखान्यातील यंत्राची झीज आपण ताळेबंदात दाखवितो. माणसाच्या कौशल्याची झीज कोठेच मांडत नाही. ती मांडावयास जो व्यवस्थापक शिकेल, त्याचाच स्टुडिओ वाढेल. इतरांचे स्टुडिओ केवळ फुगतील.