चौदा ग्रॅमचा वाद

रविवारी रात्री आठ ते दहा आमच्या घरी टीव्ही लागत नाही. जेवणाच्या टेबलावर मोबाइल, वही आणि भिंग मांडून मी बसतो आणि ग्रुपवर लॉट पडायला लागतात. ‘लॉट 1. भोकाचा पैसा, 1944. बेस 40.’ खाली बोल्या सुरू होतात, 45, 50, 60. दहाच्या ठोक्याला मी ‘बंद’ लिहितो. त्यानंतर एका सेकंदाने आलेली बोलीही धरत नाही. एवढ्यावरून दोन माणसं आजतागायत माझ्याशी बोलत नाहीत.

सहकारी बँकेत मी 31 वर्षं कॅशियर होतो. निवृत्तीनंतर जुन्या नाण्यांचा नाद वाढला आणि सहा वर्षांपूर्वी या लिलावाच्या ग्रुपचं ॲडमिनपण गळ्यात पडलं. सभासद 260. साताऱ्याचे आम्ही बरेच, बाकी नाशिक, नागपूर, लातूर, दोघे मडगावचे आणि एक न्यू जर्सीतला. लिलाव दोन तासांचा, पण त्यातून निघणारी भांडणं आठवडाभर पुरतात. ‘काका, पैसे दिले, नाणं आलं नाही.’ ‘काका, नाणं राखून ठेवलंय, पैसे येत नाहीत.’ ‘सर, फोटोतलं नाणं हे नव्हेच.’ ऐकणाऱ्याला वाटतं, यात एक चोर आणि एक साव असणार. माझ्या वहीत 83 भांडणांची नोंद आहे. त्यांतली उघड लबाडीची चार. बाकी बहुतेकांत दोघंही खरं बोलत होते, आणि पंचाईत होते ती तिथेच.

गेल्या वर्षीचं पाच रुपयांचं प्रकरण घ्या. रुपये म्हणजे राणी व्हिक्टोरियाचे, 1862 सालचे, चांदीचे. या रुपयाची एक गंमत आहे. टाकसाळीने पुढे 1874 पर्यंत नाण्यावरचं साल बदललंच नाही, सगळ्यांवर 1862. मग नाणं खरं कोणत्या वर्षाचं, हे मागच्या बाजूच्या बारीक ठिपक्यांवरून ताडायचं. नाशिकच्या एका सभासदाने वेगवेगळ्या ठिपक्यांचे पाच रुपये एकाच लॉटमध्ये ठेवले आणि नागपूरच्या एका तरुणाने ते साडेबारा हजारांना घेतले. पैसे त्याच रात्री यूपीआयने गेले. चार दिवसांनी नागपूरहून फोन आला. आवाज थरथरत होता. ‘काका, पाकिटात चारच आहेत.’

नाशिककरांना विचारलं तर ते उसळले. ‘अहो, मी पॅकिंगचा व्हिडिओ काढलाय!’ व्हिडिओ पाहिला. टेबलावर पुठ्ठ्याच्या होल्डरमधली पाच नाणी स्पष्ट दिसतात. मग ते डबा घ्यायला वाकतात, मोबाइल हलतो, छताचा पंखा दिसतो आणि पुढच्या दृश्यात डब्यावर चिकटपट्टी बसलेली असते. नागपूरच्या मुलानेही पाकीट उघडतानाचा व्हिडिओ काढलेला होता. चिकटपट्टी शाबूत होती आणि आतून निघाली चारच. ग्रुपवर तोवर दोन तट पडलेले. कोणी त्या मुलाला चोर म्हणतोय, कोणी नाशिककरांना.

मी नाशिककरांकडून स्पीड पोस्टच्या पावतीचा फोटो मागवला. पावतीवर पाकिटाचं वजन ग्रॅममध्ये छापलेलं असतं, इकडे सहसा कोणी बघत नाही. वजन होतं 98 ग्रॅम. मग म्हटलं, दादा, आता तसाच डबा, तसेच होल्डर, तेवढीच चिकटपट्टी घ्या, तुमच्याकडचे दुसरे पाच रुपये त्यात भरा आणि वजन करून सांगा. त्यांच्या सुनेचा केकसाठीचा काटा होता. अर्ध्या तासाने आकडा आला, 112. फरक 14 ग्रॅमचा. राणीच्या रुपयाचं ठरलेलं वजन 11.66 ग्रॅम, त्यात होल्डरचे दोनेक ग्रॅम धरा. म्हणजे पोस्टात पडलं तेव्हाच पाकिटात चार नाणी होती. फोनवर बराच वेळ शांतता. मग पाठीमागून कोणीतरी काहीतरी सरकवल्याचा आवाज. पाचवा रुपया होल्डरसकट टेबलावरच, त्यांच्या छोट्या वजनकाट्याच्या झाकणात होता. पॅकिंगच्या आदल्या दिवशी नागपूरच्याच मुलाने वजनाचा फोटो मागितला होता, तो काढून नाणं तिथेच राहिलं होतं.

ते बिचारे ग्रुपवर जाहीर माफी मागून मोकळे झाले. दुसऱ्या टपालाचा खर्च कोणी द्यायचा, यावर मात्र आणखी दोन तास गेले.

असे वाद नवे नाहीत. इंटरनेटवरच्या लिलावांचा मोठा बाजार ज्यांनी मांडला, त्या अमेरिकेतल्या ईबेला पहिल्या काही महिन्यांतच हा ताप सुरू झाला होता. पिअर ओमिडियार यांनी 1995 च्या सप्टेंबरात ही लिलावाची जागा उघडली आणि तिथे विकली गेलेली पहिली वस्तू होती एक मोडका लेझर पॉइंटर, 14.83 डॉलरला. ओमिडियार यांनी घेणाऱ्याला मुद्दाम विचारलं, हा मोडका आहे हे कळलंय ना? तो म्हणाला, मी मोडकेच जमवतो. मी नव्या सभासदांना हा किस्सा नेहमी सांगतो. मोडकं विकण्यात पाप नाही, ते मोडकं आहे हे बोलीच्या आधी सांगितलेलं असलं म्हणजे झालं.

तक्रारी वाढल्यावर 1996 मध्ये ओमिडियार यांनी घेणाऱ्या-विकणाऱ्यांनी एकमेकांना शेरे द्यायची सोय केली. 1999 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातले ईथन कॅट्श आणि त्यांचे सहकारी यांनी ईबेवरचे वाद ईमेलवरून मिटवून पाहिले. दोनच आठवड्यांत त्यांच्याकडे दोनशेच्या वर भांडणं आली. पुढे हे काम संगणकाच्या हाती गेलं. काय झालं ते ठरावीक पर्यायांतून निवडायचं, समोरच्याचं म्हणणं वाचायचं, तोडगा सुचवायचा. वर्षाला सहा कोटींच्या आसपास वाद अशा रीतीने हाताळले जात आणि त्यातले बहुतेक कोणाही माणसाचा हात न लागता मिटत, असं ते काम सांभाळणाऱ्यांनी सांगितलेलं आहे. माझ्या 83 ची काय कथा! शेऱ्यांची गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. ‘तू मला वाईट शेरा दिलास तर मीही तुला देईन’ असा दम विकणारे द्यायला लागले, तेव्हा 2008 मध्ये ईबेने विकणाऱ्यांचा वाईट शेरा देण्याचा हक्कच काढून घेतला. विकणारे चिडले. त्यांचंही चुकलं नव्हतं, कारण पैसे न देणाऱ्या गिऱ्हाइकाला ओळखायचं तरी कसं?

आपल्याकडे मुंबईची बाझी डॉट कॉम होती, ती ईबेने 2004 मध्ये विकत घेतली. आमच्यातल्या जुन्या मंडळींनी तिथे भरपूर नाणी घेतली. तिथली ‘पैसापे’ नावाची सोय मला कॅशियर म्हणून फार पटलेली. घेणाऱ्याचा पैसा आधी कंपनीकडे थांबायचा आणि माल पोचल्यावर विकणाऱ्याच्या खात्यात जायचा. दोघांच्या मध्ये तिसऱ्याची मूठ. ईबेचा इथला कारभार 14 ऑगस्ट 2018 ला बंद झाला आणि आमच्यासारखे लोक ग्रुपवर आले. इथे ती मूठ नाही. यूपीआयने पैसा डोळ्याचं पातं लवायच्या आत समोरच्याच्या खात्यात जातो, नाणं चार दिवसांनी येतं, आणि मधले चार दिवस नुसत्या भरवशावर काढायचे. बँकेकडे जाऊन काही होत नाही. तुम्ही स्वतः पिन टाकून पाठवलेला पैसा बँकेच्या लेखी बरोबर माणसाकडे गेलेला असतो, पाकिटात काय निघालं याच्याशी तिला कर्तव्य नाही. माणूस मुळातच ठग निघाला, फोन बंद करून बसला, तर ताबडतोब 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा. जितका उशीर, तितका पैसा पुढच्या खात्यात सरकतो. आणि पैसे घेण्यासाठी कधीही पिन टाकावा लागत नाही, हे मी दर महिन्याला लिहितो. तरी एका विकणाऱ्याने गेल्या दिवाळीत टाकला.

पाच हजारांच्या वरचा लॉट असेल तर आता पैसा माझ्याकडे थांबतो. मी व्याज घेत नाही, चहाही घेत नाही. नाणं पोचलं, 48 तासांत तक्रार आली नाही, की पुढे पाठवतो. बायको म्हणते, निवृत्त झालात तरी काउंटर सुटला नाही.

कायदा अगदीच गप्प आहे असंही नाही. 1930 च्या वस्तुविक्री कायद्यात लिलावाचं स्वतंत्र कलम आहे, 64 वं. हातोडा पडेपर्यंत बोली मागे घेता येते, पडला की सौदा पक्का. आमचा हातोडा म्हणजे माझं ‘बंद’. विकणाऱ्याने आपलाच मेहुणा बसवून खोट्या बोलीने भाव चढवला, तर घेणाऱ्याला सौदा मोडता येतो, हेही त्यातच आहे. आमच्याकडे असा एक मेहुणा सापडला. दोघांचं टपाल एकाच पत्त्यावर जायचं.

मला जास्त उपयोगी पडतं ते 15 वं कलम. वस्तू वर्णनाबरहुकूम असली पाहिजे. सहाव्या जॉर्जचा 1939 चा रुपया फार दुर्मिळ, खरा असेल तर किंमत ऐकून डोळे पांढरे होतात. म्हणून लोक 1938 च्या रुपयावरचा 8 कोरून त्याचा 9 करतात. वजन तेच, चांदी तीच. असा एक ‘1939, जसा आहे तसा’ या शब्दांत साडेसहा हजारांना विकला गेला. घेणाऱ्याने भिंगाखाली धरला तर 9 च्या पोटात ओरखडे. विकणारा म्हणे, ‘जसा आहे तसा’ लिहिलं होतं की! मी सांगितलं, ते शब्द झीज, डाग, ओरखडे यांच्यासाठी. साल लिहिलंत म्हणजे सालाची हमी दिलीत. पैसे परत करायला लावले. घेणाऱ्यालाही खासगीत झापलं, कारण साडेसहा हजारांत 1939 मिळतोय म्हटल्यावर त्याची झोप उडायला हवी होती.

धंदा करणाऱ्या विक्रेत्याने फसवलं तर 1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, आणि ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते, दोन वर्षांच्या आत. पण ग्राहक म्हणजे घेणारा. विकणाऱ्याला हे दार नाही. बोली जिंकून कोणी पैसेच दिले नाहीत तर त्याला नोटीस देऊन वस्तू पुन्हा विकायची आणि भाव कमी आला तर फरक मागायचा, असं कायदा म्हणतो. चारशे रुपयांच्या फरकासाठी वकील कोण लावणार? न्यू जर्सीच्या सभासदाचं तर वेगळंच. त्याने शिवराई जिंकली, पैसेही दिले, पण शंभर वर्षांपुढचं नाणं 1972 च्या पुरावस्तू कायद्याने देशाबाहेर धाडता येत नाही. ती शिवराई आता त्याच्या आईकडे कोथरूडला, कपाटात.

गेल्या महिन्यात एका अर्ध्या आण्याची बोली 1400 वर थांबली आणि जिंकणारा पैसे देईना. फोन लावला तर आवाज फुटायच्या वयाचा. दहावीतला मुलगा, वडिलांच्या मोबाइलवरून बोली लावत होता. अज्ञानाशी केलेला करार कायद्याने मुळातच रद्द, तेव्हा त्याच्याकडून काही मागायचा प्रश्न नव्हता. वडिलांनी माफी मागितली. रिवाजाप्रमाणे मी लॉट दुसऱ्या क्रमांकाला, त्याच्या 1350 ला देऊ केला. तो लातूरचा, शिक्षक. म्हणाला, ‘काका, ते पोरगं नसतं तर मला 900 ला मिळालं असतं. मी 1350 का द्यायचे?’ वही काढली. मुलगा सोडला तर तिसऱ्याची शेवटची बोली 850. पायरी 50 ची. म्हणजे गुरुजी बरोबर. विकणारा म्हणाला, ‘पण 1350 त्यांनी स्वतःच्या हाताने टाइप केले ना?’ म्हणजे तोही बरोबर.

तीन दिवस विचार केला. दोघांना मधला आकडा सुचवला, दोघांनी नाकारला. शेवटी ती फेरीच रद्द करून पुढच्या रविवारी लॉट पुन्हा मांडला. गुरुजींनी रुसून बोली लावली नाही. दहा वाजता ‘बंद’ लिहिलं तेव्हा अर्धा आणा 780 ला गेला होता.