बकेट वर, धोका खाली

पथदिवे बदलायला किंवा इमारतीच्या काचा बसवायला आलेली बूम लिफ्ट पाहताना सगळ्यांची मान वर असते. मला मात्र आधी तिच्या चाकांखालची जमीन बघावीशी वाटते.

बूम उंच ठेवूनच पुढे-मागे चालणाऱ्या लिफ्टचा हिशोब मांडून बघा. दोन बाजूंच्या चाकांत अडीच मीटर अंतर आहे आणि बकेट 20 मीटर उंचीवर. एका बाजूची चाके 10 सेंटिमीटरच्या खड्ड्यात उतरली, तर खाली गाडी जेमतेम कलल्यासारखी दिसते. वर बकेट साधारण 80 सेंटिमीटर बाजूला जाते, तेही झटक्यात. लांब बूम थोडा वाकतो आणि उलटा उसळतो. आतला माणूस तोल जाऊन पडत नाही, गोफणीतल्या दगडासारखा भिरकावला जातो. चारही बाजूंना कठडा असूनही हार्नेस घालायचा तो यासाठी. त्याची दोरी आखूड हवी आणि बकेटमध्ये नेमून दिलेल्या कडीलाच अडकवायला हवी. ती शेजारच्या खांबाला बांधली आणि बूम हलला, तर तीच माणसाला बाहेर ओढते.

ट्रकवरची लिफ्ट जॅकवर उभी राहते. बूम ज्या बाजूला वळतो, त्या बाजूच्या जॅकवर भार वाढत जातो. केबलसाठी खणून वरवर बुजवलेला चर, गटाराचे झाकण, पावसाने भिजलेली साइडपट्टी यांवर टेकवलेला जॅक सुरुवातीला नीट उभा दिसतो आणि बूम वळल्यावर खचतो. जॅकखाली रुंद, भक्कम फळी टाकायला दोन मिनिटे लागतात. तेवढ्यासाठी घाई करणाऱ्या ठेकेदाराला ऑपरेटरने ठाम नकार द्यावा.

विजेच्या तारांबाबत अमेरिकेतील ‘ओशा’ या कामगार-सुरक्षा यंत्रणेचा नियम 50 किलोव्होल्टपर्यंतच्या तारेपासून किमान 10 फूट, म्हणजे सुमारे तीन मीटर, दूर राहायला सांगतो. उच्च दाबाची वीज स्पर्शाची वाट बघत नाही, हवेतूनही झेप घेते. फायबरग्लासचा बूम वीज जमिनीकडे जाऊ देत नाही, पण एकाच वेळी दोन तारांना लागलेल्या हातांना तो वाचवू शकत नाही. बूम तारेला चिकटलाच, तर खालच्या हेल्परने गाडीला हात लावू नये आणि लांब जावे.

छताखाली काम करताना वेगळेच घडते. वर बघत चालवणारा माणूस तुळई आणि बकेटमधले कंट्रोल पॅनेल यांच्यामध्ये दाबला जातो, त्याच्या छातीखाली लिव्हर दबलेलाच राहतो आणि बकेट आणखी वर जाते. पाय काढताच यंत्र थांबवणारे पेडल अशा वेळी जीव वाचवते. ते सोयीसाठी बांधून ठेवणे हा गुन्हाच म्हणायला हवा.

वरचा माणूस बेशुद्ध पडला, तर त्याला जमिनीवरून उतरवता येते. त्यासाठी खाली वेगळे कंट्रोल असतात, आणि इंजिन बंद पडले तरी बूम उतरवण्याची आपत्कालीन सोयही असते. ती कुठे आहे आणि कशी चालते, हे हेल्परने बकेट वर जाण्याआधी स्वतः चालवून पाहिलेले असावे.