फक्त एका दिवसापुरतं

सोफोक्लीजच्या ‘फिलॉक्टेटिस’मध्ये कुणी मरत नाही. तरीही ती ग्रीक शोकांतिकाच, आणि इ.स.पू. 409 मध्ये अथेन्सच्या नाट्यस्पर्धेत तिला पहिलं बक्षीस मिळालं. दोनच वर्षांपूर्वी तिथे चारशे जणांनी लोकशाही उलथवली होती. शहराच्या भल्याच्या नावाखाली काय काय खपवलं जातं, हे प्रेक्षकांना वेगळं सांगायला नको होतं.

साप चावून पाय सडलेल्या फिलॉक्टेटिसला त्याच्याच साथीदारांनी लेम्नॉस बेटावर टाकून दिलेलं. जखमेची दुर्गंधी आणि त्याचं ओरडणं त्यांना सोसवेना. दहा वर्षांनी भविष्य कळतं की, त्याच्याकडच्या हेराक्लीजच्या धनुष्याशिवाय ट्रॉय पडणार नाही. मग ओडिसियस बेटावर येतो, सोबत अकिलीसचा कोवळा मुलगा निओप्टोलेमस. फिलॉक्टेटिसला टाकून देण्यात ओडिसियसचाच हात होता. तो दिसताच बाण सुटायचा. म्हणून गोड बोलून धनुष्य काढून घ्यायचं काम पोराच्या गळ्यात.

पोरगा अडतो. लबाडीने जिंकण्यापेक्षा सरळ वागून हरलेलं बरं, असं त्याचं म्हणणं. ओडिसियस थैली दाखवत नाही की दम देत नाही. तो एकच दिवस मागतो. आजच्यापुरती लाज सोड, मग जन्मभर सज्जन म्हणून मिरव! वर शहाणा आणि शूर, दोन्ही म्हणवून घेशील, हे आमिष. पोरगा विरघळतो.

डाव साधतोही. पायातून कळ उठते तेव्हा फिलॉक्टेटिस भरवशाने धनुष्य त्याच्या हाती देतो आणि किंचाळत, घामाने निथळत झोपी जातो. कोरस सुचवतो, हीच वेळ आहे. निओप्टोलेमस हलत नाही. जागा झालेला रोगी आभार मानू लागतो, तेव्हा याला राहवत नाही. खरं सांगून टाकतो. धनुष्य मात्र सोडत नाही, कारण वरून हुकूम आहे! कबुली आणि परतफेड यांच्यामध्ये सोफोक्लीजने बराच वेळ जाऊ दिला आहे, आणि नाटकाचं खरं मर्म मला तिथेच दिसतं. ओडिसियस तलवारीला हात घालतो, तरी अखेर निओप्टोलेमस धनुष्य परत करतोच.

आता तो खरेपणाने विनवतो, ट्रॉयला चल, जखमही बरी होईल. एकदा फसलेला माणूस ऐकेल कशाला? शेवटी त्याला घरी पोचवायला निओप्टोलेमस तयार होतो. म्हणजे युद्धावर पाणीच. तेवढ्यात हेराक्लीज अवतरतो आणि दोघांना ट्रॉयला धाडतो. देव आणून गाठ सोडवली, म्हणून नाक मुरडणारे मुरडोत. जाता जाता हेराक्लीज बजावतो की, शहर लुटताना देवांचा मान राखा. पुढची कथा प्रेक्षकांना पाठ होती. वेदीचा आसरा घेतलेल्या ट्रॉयच्या म्हाताऱ्या राजाला, प्रायमला, कापून काढणारा हाच निओप्टोलेमस.