गुऱ्हाळ, मलप्रभा आणि इंग्रजीचा पेपर

परदेशी शिक्षणासाठी द्याव्या लागणाऱ्या आयईएलटीएस अकॅडेमिक परीक्षेत लेखनाच्या पहिल्या प्रश्नात कधीकधी एखाद्या प्रक्रियेची आकृती येते. वेळ सुमारे 20 मिनिटे, शब्द किमान 150.

निपाणीकडचे गुऱ्हाळ डोळ्यांसमोर आणा. ऊस गाळतात, रस काहिलीत उकळतात, मळी काढतात, पाक घट्ट झाला की साच्यात ओततात. हे कोण करतो ते आकृतीत महत्त्वाचे नसते. म्हणून इंग्रजीत कर्मणी प्रयोग येतो: 'द ज्यूस इज बॉइल्ड'. आम्ही हिंदी माध्यमात शिकलो. 'रस उबाला जाता है' तोंडात बसलेले, म्हणून हे सोपे गेले. पण त्याच सवयीने आम्ही नदीलाही कर्मणीत घातले होते! मलप्रभा आपल्या कणकुंबीत उगम पावते, तिला कोणी वाहवत नाही. पाऊस पडतो, पाणी मुरते, झरा फुटतो. तेथे कर्तरी प्रयोगच हवा: 'द रिव्हर फ्लोज'.

टप्पे किती, आरंभ व शेवट कोठे, हे सुरुवातीलाच एकदोन वाक्यांत सांगावे. गूळ प्रकृतीला चांगला, हे मत मात्र येथे लिहू नये. आकृतीत ते नसते.

दहावीच्या मुलांनी दोन्ही प्रक्रिया इंग्रजीत लिहून सोमवारी आणाव्यात. गुऱ्हाळाचे टप्पे पालकांनी मराठीत सांगितले तरी चालेल.